गाळलेली वीज

तिला सगळे वायरबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एक दिवस तिनेच ते नाव दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं तेव्हा चेष्टा करणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिच्याकडे आलं होतं. रेडिओ गेले, दुकान राहिलं. आता तिच्याकडे यायचे ते गाणं ऐकण्याचे शौकीन. घरातली एक अख्खी खोली स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरला देऊन टाकणारे, आणि तरीही "मागे काहीतरी घुं येतंय" म्हणून झोप उडालेले. त्यांच्यासाठी ती बोटाएवढ्या जाड पॉवर कॉर्ड हाताने बनवायची आणि पॉवर कंडिशनर बसवून द्यायची.

कंडिशनर म्हणजे विजेची गाळणी. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज कधीच निव्वळ नसते. घरातला फ्रिज, शेजाऱ्यांचा मिक्सर, खालचा पाण्याचा पंप, प्रत्येकाची थोडी थोडी घाण तिच्यात मिसळलेली असते, आणि ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरली की गाण्यामागे कुरकुरते. मधे हा जड डबा बसवला की घाण डब्यात अडकते आणि वीज तेवढी पुढे जाते. तिचा धाकटा भाऊ या सगळ्याला हसायचा. म्हणायचा, वीजघरापासून दारापर्यंत साधी तार, आणि शेवटच्या दीड मीटरला रेशमी पोशाख. म्हणजे नवरदेव फाटक्या कपड्यांत आणि मोजे तेवढे नवे. तीही हसायची. या धंद्यात निम्मं काम कानाचं आणि निम्मं मनाचं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ज्याला गरज नाही त्याच्या गळ्यात तिने कधी डबा मारला नाही, आणि म्हणूनच लोक तिच्यावर विश्वास ठेवत.

सरांचा फोन आला तो एका मंगळवारी सकाळी. सर म्हणजे भूमितीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या खोलीतली एकूण एक वायर तिच्या हातची होती. मागे एकदा त्यांनी अशाच घुंसाठी फोन केला होता. त्यानंतर पुन्हा काही विचारणा आली नाही, तेव्हा तक्रार मिटली असावी असं तिने धरून चाललं होतं. मग सरांच्या पत्नी, काकू, गेल्याचं कळलं. फुप्फुसांचं जुनं दुखणं होतं त्यांना. वायरबाईने चार ओळींचा निरोप पाठवला होता, पण भेटायला जाणं आज-उद्या करत राहून गेलं होतं, आणि त्याला आता चौदा महिने झाले होते.

"आवाज येतोय," सर फोनवर म्हणाले. "रोज. दुपारी चारला वीस कमी असताना सुरू होतो आणि बावीस मिनिटांनी थांबतो."

इतक्या नेमकेपणाने तक्रार सांगणारं गिऱ्हाईक मिळणं म्हणजे पर्वणीच. घड्याळ लावून येणारा आवाज म्हणजे टायमरवर चालणारं यंत्र, आणि दुपारी टायमरवर चालतो तो इमारतीचा पंप. तिने मनातल्या मनात दुखणं ओळखलं आणि औषधही ठरवलं. बुधवारी तीनच्या सुमारास ती कंडिशनरचा डबा घेऊन सरांच्या इमारतीखाली उतरली. आधी पहारेकऱ्याला पंपाची वेळ विचारली. तो म्हणाला, सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. दुपारी पंपाला हातसुद्धा लागत नाही.

मग शेजाऱ्यांचं काहीतरी असेल, असं म्हणत ती लिफ्टमध्ये शिरली.

सरांनी दार उघडलं. माणूस निम्मा झाला होता. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. पूर्वी दारातच तिच्या डब्यावर एखादा विनोद व्हायचा, आज त्यांनी नुसती वाट करून दिली. बाहेरच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. खिडकीला जाड पडदा, भिंतीशी तबकड्यांचं लांबलचक कपाट, समोर माणसाच्या छातीएवढे उंच दोन स्पीकर आणि त्यांच्यासमोर एकच खुर्ची. स्वयंपाकघरातून फ्रिजची घरघर येत होती, डोक्यावर पंखा फिरत होता. डाव्या हाताला एक बंद दार होतं. ते पूर्वी कायम उघडं असायचं. आत काकू पलंगावर उशांना टेकून बसलेल्या असायच्या आणि तिथूनच "बाई, आधी चहा घ्या, मग त्या तारांचं बघा" असं सांगायच्या.

चहा कुणी विचारला नाही. दोघं वाट बघत बसले.

चारला वीस कमी असताना आवाज सुरू झाला.

अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, पण तबकडी लावलेली नव्हती. आधी नेहमीची घुं, माशी बाटलीत अडकावी तशी. मग तिच्या आतून, खोलवरून, दुसरं काहीतरी. फुस्स... आणि थांबणं. फुस्स... आणि थांबणं. वायरबाईने डोळे मिटून ऐकलं. लय होती त्याला. लोहाराचा भाता दूर कुठेतरी चालावा तशी.

"कॉम्प्रेसर आहे कुणाचा तरी," ती म्हणाली. "आजूबाजूला रंगकाम चाललंय का?"

तिने डबा उघडला, अ‍ॅम्प्लिफायरची कॉर्ड भिंतीतून काढून कंडिशनरमध्ये खोचली, कंडिशनर भिंतीला जोडला आणि बटण दाबलं.

घुं कापल्यासारखी गेली. असं झालं की एरवी तिला बरं वाटायचं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायची तिची ती वेळ असायची. पण आज तिची नजर स्पीकरवरून हलली नाही. घुं गेली होती आणि तो दुसरा आवाज गेला नव्हता. उलट, वरची साय काढावी आणि खालचं दूध दिसावं तसा तो उघडा पडला होता. आता तो कॉम्प्रेसर वाटत नव्हता. फुस्स झाल्यावर एक अडकणं होतं, बारीकशी शीळ होती, आणि मग पुढचा फुस्स फार उशिरा येत होता. ऐकणाऱ्याचाच जीव वरखाली व्हावा इतक्या उशिरा.

वीस वर्षांत तिने असं पाहिलं नव्हतं. गाळणीतून घाण अडकते. घाणच तेवढी पुढे यावी आणि बाकीचं अडकावं, असं कसं होईल?

चार वाजून दोन मिनिटांनी आवाज थांबला. विरत गेला नाही, थांबला.

"हा पूर्ण जाईल ना?" सरांनी विचारलं. त्यांच्या हातांची बोटं एकमेकांत अडकलेली होती.

तिने धंद्याची उत्तरं दिली. कुठल्यातरी रेडिओचा आवाज तारेत शिरत असेल. अर्थिंग तपासावं लागेल. मीटरपासून फक्त या खोलीसाठी वेगळी लाइन ओढू, सगळ्या कॉर्ड बदलू, वरून जाळी घातलेल्या लावू, मग मुंगीसुद्धा शिरायची नाही. बोलताना स्वतःचा आवाज तिला दुकानदाराचा वाटला. निघताना तिचं लक्ष त्या बंद दाराकडे गेलं आणि मनात पाल चुकचुकली. पण का, ते तिला सांगता आलं नसतं.

दोन दिवस ती दुकानात कॉर्ड बनवत बसली. तांब्याच्या तारांना पीळ देऊन, वर जाळी चढवून, प्लगांचे स्क्रू दोनदा आवळून. एवढ्या चांगल्या कॉर्ड तिने आजवर कुणासाठी केल्या नव्हत्या. भावाने विचारलं, कुणा राजाला देणार आहेस का? तिने पुढची तार पिळायला घेतली. हात चालू होते, पण कानात तो फुस्स होता, आणि आपण त्याच्या तालात श्वास घेतोय हे मधूनच ध्यानात आलं की ती उठून दुकानाबाहेर उभी राहायची.

शनिवारी ती सकाळीच गेली. मीटरपासून नवीन लाइन ओढून झाली. जुनी लाइन कुठून कुठे जाते ते बघायला तिने टेस्टर काढला, आणि बाहेरच्या खोलीतला प्लग आणि आतल्या खोलीतला प्लग एकाच तारेवर आहेत हे तिला दिसलं. आतला प्लग तपासायलाच हवा होता.

"ती खोली नको," सर म्हणाले.

ती म्हणाली की पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुखणं तिथेच असेल तर बाहेर कितीही सोनं बसवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. सरांनी खिशातून किल्ली काढून दिली आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसले.

आत कोंदट, औषधी वास होता. पलंगावर नुसती गादी. औषधांच्या बाटल्यांचे गोल डाग टेबलावर अजून दिसत होते. कोपऱ्यात चाकांचं एक यंत्र होतं, गुडघ्याएवढं उंच. काकूंचं ऑक्सिजनचं मशीन. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून नाकाला पुरवणारं. त्याची वायर नीट गुंडाळून वर ठेवलेली होती आणि प्लग भिंतीपासून हातभर अंतरावर लोंबत होता. वायरबाईने भिंतीतला प्लग तपासला. त्यात काही दोष नव्हता. ती बाहेर आली. दार तिने लावलं नाही. लावायचं सुचलं नाही.

साडेतीनला सगळं तयार झालं. नवी लाइन, नवा कंडिशनर, नव्या कॉर्ड. तिने अ‍ॅम्प्लिफायर चालू केला आणि आवाजाचं बटण पूर्ण वर नेलं. स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. असली शांतता तिने कधी ऐकली नव्हती. खोल विहिरीत वाकून बघताना असते तशी.

चारला वीस कमी असताना त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला.

आता घुं नव्हती, शीळ नव्हती, मधे काही म्हणजे काही नव्हतं. एक माणूस श्वास घेत होतं, इतकं जवळ की ओठ सुटल्याचा आवाजही येत होता. श्वासांच्या मधे शब्द होते. एका श्वासात एक, फार तर दोन.

"एकेक... करून... बंद करा..."

सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"...मग... थांबून... ऐका..."

आवाज काकूंचा होता. पण वायरबाईच्या छातीत धस्स झालं ते त्यामुळे नव्हे. ते शब्द काकूंचे नव्हते. ते तिचे स्वतःचे होते.

चौदा महिन्यांपूर्वीचा तो फोन तिला जसाच्या तसा आठवला. दुकानात गर्दी होती, फोन तिने खांद्याने कानाशी धरला होता. सर म्हणत होते की नवी तबकडी आलीय आणि मागे सारखी घुं येतेय. ती जे सगळ्यांना सांगते तेच तिने त्यांना सांगितलं होतं. घरात जे जे चालू आहे ते एकेक करून बंद करा, मग थांबून ऐका. जे बंद केल्यावर आवाज जाईल, तो चोर. हजार वेळा सांगितलेलं वाक्य. पलीकडे फोन स्पीकरवर असावा, कारण मागे खोकल्याचा आवाज आला होता.

तिने सरांकडे पाहिलं. सर स्पीकरकडे बघत बोलू लागले, हळू आवाजात, वर्गात सिद्धता मांडावी तसे, पायरीपायरीने. त्यांनी फ्रिज बंद केला, घुं गेली नाही. पंखा बंद केला, गेली नाही. सगळे दिवे बंद केले. मग ते आतल्या खोलीत गेले. काकूंनी मान हलवून हो म्हटलं, पाच मिनिटं नळी नसली तरी चालायचं त्यांना, जेवताना काढायच्याच. त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि बाहेर येऊन ऐकलं.

"घुं गेली होती," सर म्हणाले. "काय सांगू तुम्हाला... व्हायोलिन असं समोर येऊन उभं राहिलं. मी फक्त पहिली दोन मिनिटं ऐकणार होतो."

"आणि?"

"एक बाजू बावीस मिनिटांची आहे."

त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीला सांगितलं की आई दुपारी झोपेत गेली. डॉक्टरांनाही तेच. मशीनचा प्लग त्यांनी नंतर परत लावून ठेवला होता, लोक यायच्या आधी.

स्पीकरमधला श्वास चालूच होता. वायरबाईला एकदम तो असह्य झाला. ती खाली बसली, अ‍ॅम्प्लिफायरची कॉर्ड तिने मागून ओढून काढली, मग कंडिशनरची भिंतीतून काढली. लाल दिवे विझले. दोन्ही कॉर्ड तिच्या हातात होत्या, जड, थंड, मेलेल्या सापांसारख्या.

"...थांबून..." स्पीकर म्हणाला. "...ऐका..."

आणि मग तो गप्प झाला.

स्वयंपाकघरातला फ्रिज बंद पडला.

फ्रिज आपोआप बंद होतो, पुन्हा चालू होतो, त्यात काय एवढं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण ती थांबली. सरही थांबले. खोलीत तिसरंही कुणीतरी थांबलं होतं. कान देऊन. तो थांबा संपल्यावर एक अडकलेला श्वास ऐकू आला, नाही, हे नव्हे, असं म्हणावं तसा, आणि मग डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत उभा राहिला.

पुन्हा थांबणं. पुन्हा कान देणं.

बाहेरच्या जिन्यातला दिवा गेला. दाराखालची उजेडाची फट मिटली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता, तो गेला. प्रत्येक वेळी मधे तेवढाच वेळ, घाई अजिबात नाही, अगदी तिने सांगितलं होतं तसं. मग भिंतीवरचं घड्याळ थांबलं. टिकटिक जाईपर्यंत ती होती हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. ते घड्याळ सेलवर चालणारं होतं. त्याला तारच नव्हती.

आता घरात आवाज करणारं काही उरलं नव्हतं. दोन माणसांच्या श्वासांखेरीज.

हे तिला कळलं आणि त्याच क्षणी सरांचा श्वास अडकला. ते उठू पाहत होते, तोंड उघडं होतं, पण आत काही जात नव्हतं. ते ओरडले नाहीत. उलट तिला हाताने खूण केली, जा, तुम्ही जा. जणू काही हा हिशेब त्यांच्या एकट्याचा होता. तिलाही हवा मिळेना. छातीचा भाता अर्ध्यावर येऊन थबकला आणि कानांत रक्त वाजू लागलं. दार चार पावलांवर होतं. ती दाराकडे गेली नाही.

काही विचार करून तिने ते केलं असं नाही. बंद पडलेली यंत्रं चालू करणं हेच तिचं जन्माचं काम. हात तेच जाणत होते. ती धडपडत उघड्या दारातून आतल्या खोलीत शिरली, मशीनवरची वायर खाली ओढली, गुंडाळी सुटता सुटेना. खिडकी बंदच होती; गुडघ्यावर बसून तिने अंधारात भिंत चाचपली, प्लग खोचला, बटण दाबलं.

मशीनने एक लांब शिट्टी मारली. मग पोटात घरघर केली आणि चालू झालं. फुस्स, आणि थांबणं. फुस्स, आणि थांबणं.

तिच्या छातीत हवा शिरली ती खोकल्यासकट. बाहेर पंखा हळूहळू फिरू लागला. खालच्या मजल्यावर टीव्हीतलं कुणीतरी मधल्याच वाक्यापासून बोलू लागलं. सर जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, आणि लहान मुलासारखे हुंदके देत श्वास घेत होते.

त्या संध्याकाळी सरांनी मुलीला बोलावून घेतलं. ती दातांची डॉक्टर, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दर रविवारी यायची. वायरबाई निघून जाऊ शकत होती, गेली नाही. सरांनी सांगायचं ते सांगितलं, आणि मग वायरबाईने आपलं वाक्य सांगितलं. मुलगी रडली नाही. तिने बापाला फक्त विचारलं, कुठली तबकडी? सरांनी दाखवली. तिने ती कपाटातून काढली, पिशवीत घातली आणि उठली. दाराशी ती वायरबाईपाशी थांबली.

"ताई, घरात कुणी आजारी आहे का, एवढं विचारलं असतंत तर?"

तेव्हापासून वायरबाई फोनवर कुणालाच काही बंद करायला सांगत नाही. स्वतः जाऊन बघते.

मुलगी तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी आली, स्वयंपाक करून ठेवून, न बोलता निघून गेली. पाचव्या रविवारी बापाशेजारी बसली. माणसं अशीच हळूहळू परत येतात, आली तर. सरांनी स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर सगळं देऊन टाकलं. आतलं मशीन मात्र त्या दिवसापासून बंद केलं नाही. पलंगावर त्यांनी स्वच्छ चादर घातली, उशी ठेवली आणि मशीनची नळी उशीवर ठेवली. मशीन चालू असेपर्यंत घरात तो श्वास पुन्हा ऐकू येत नव्हता. मुलगी म्हणाली, राहू दे. त्यांना त्यातच शांती वाटत असेल तर आपण कोण?

सहा महिन्यांनी मुलीचाच फोन आला. मशीन रात्रंदिवस चालतं, त्याची वायर हाताला गरम लागते, ती बदलून द्याल का? आणि जाता जाता तिने असंही सांगितलं की बाबा हल्ली फार लवकर दमतात. छाती तपासून घेतली, त्यात काही निघालं नाही. वय झालं, दुसरं काय.

वायरबाई एक चांगली जाड कॉर्ड घेऊन दुपारीच गेली. सरांनी दार उघडलं, हसले, तिला आत बसवून आपल्या हाताने चहा करून आणला. वाक्याच्या मधे ते थांबत, दम घेत आणि पुढे बोलत. पूर्वीपेक्षा शांत दिसत होते. आतल्या खोलीत खिडकी उघडी होती, पडदा हलत होता, सगळं कसं नीटनेटकं होतं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

तिने सांगितलं की वायर बदलताना मशीन क्षणभर बंद करावं लागेल. सरांनी मान हलवली. तिने श्वास रोखून ते काम केलं, दहा मोजायच्या आत, आणि मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघून सुस्कारा सोडला. उठताना तिची नजर मशीनच्या पुढच्या बाजूला गेली. तिथे बोटभर उंचीची एक काचेची नळी असते, आत एक छोटी गोळी तरंगते. जितका ऑक्सिजन जात असेल तितक्या आकड्याशी ती थांबते. काकूंना डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर सांगितला होता. खालची चावी दोनवरच होती.

गोळी चारच्या वर होती.

तिने चावी फिरवून पाहिली. ती खाली केली, वर केली. गोळी हलली नाही.

"तुम्ही वाढवलंत?" तिने विचारलं.

"मी हात लावत नाही," सर म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले. "पहिल्यांदा दोनवरच होती. पावसाळ्यात... तीनवर आली. मागच्या महिन्यात चार. तिला हल्ली जास्त लागतो."

ते साध्या आवाजात म्हणाले, घरातल्या माणसाच्या तब्येतीबद्दल सांगावं तसे. वायरबाईने मशीनच्या मागे वाकून पाहिलं. ऑक्सिजन हवेतून घेतला जातो. जाळीजवळ तिने हात धरला तेव्हा खोलीतली हवा बोटांमधून आत ओढली जाताना लागली. खिडकीचा पडदाही आता बाहेर उडत नव्हता. तो आत ओढला गेला होता, मशीनच्या दिशेने, आणि तसाच राहिला होता.

"चला, बाहेर बसू," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिला जाणवलं की एवढ्या तीन शब्दांना तिला मधे थांबावं लागलं होतं.

सर हलले नाहीत. ते गोळीकडे बघत होते. तीही बघत राहिली. गोळी जराशी थरथरली आणि सरकून पाचच्या रेषेला खालून टेकली. पाच हा शेवटचा आकडा. त्याच्यावर कोरी काच होती, अजून बरीच.